सलाईन लावताना मायला बाहेर काढायचं का? आणि हे मोबाइलवर शिकता येतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे, नोकरीला तीनच वर्षं झालीत. मागच्या महिन्यात जुलाबाचं दोन वर्षांचं पोरगं आलं, पार सुकलेलं, शिर सापडेना, चौघींनी दाबून धरलं, माय दाराबाहेर रडतेय, तिसऱ्या टोचणीला सलाईन लागलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी मी नुसतं थर्मामीटर घेऊन गेले तरी ते मायच्या पदरात शिरून थरथरायला लागलं. मनाला फार लागलंय ते. आता आम्हाला एआयवाल्या मोबाइल ॲपवर ट्रेनिंग करायला सांगितलंय, मुलांना कमीत कमी दुखवून, न घाबरवता ट्रीटमेंट कशी द्यायची त्याचं. फोनवर हे येतं का शिकता? – एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : बाई, ते थरथरणं तुला दिसलं आणि लागलं, तिथूनच हे शिकणं सुरू होतं. आणि आधी एक सांगते, इतकं सुकलेलं पोर समोर असताना सलाईन लावणं थांबवता येत नाही, तू लावलं ते बरोबरच केलं. चुकलं ते फक्त मायला बाहेर काढलं तिथं.

लेकराला कमीत कमी दुखवून, न घाबरवता उपचार करण्याला नर्सिंगच्या पुस्तकात ॲट्रॉमॅटिक केअर म्हणतात, मुलांच्या नर्सिंगमधल्या डोना वाँग यांचं नाव वाचलं असशील, रडक्या-हसऱ्या चेहऱ्यांची वेदनेची पट्टी 1983 मध्ये त्यांनी आणि कॉनी बेकर यांनी तयार केली ती. त्यातल्या मुख्य गोष्टी तीनच, लेकराला आईबापापासून तोडू नका, त्याच्या हातात थोडं काहीतरी ठरवायला ठेवा, आणि दुखणं टाळा, टळत नसेल तर कमी करा. मायला आत ठेवायचं म्हणजे तिला पोराला दाबून धरायला लावायचं नाही हं, ते काम आपलं, माय छातीशी धरेल, नाहीतर उशाशी बसून कपाळावर हात ठेवेल. तिला चक्कर येईल असं वाटलं तर खाली बसव, पण आत ठेव.

आता ॲपचं. मला विचारशील तर उपयोग आहे, आणि सगळ्यात जास्त बोलण्याच्या सरावासाठी आहे. आपल्याला सलाईन लावायला शिकवतात, पण टोचायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात पोराशी काय बोलायचं ते कोणी शिकवत नाही. ॲपला सांग, तू चार वर्षांचा घाबरलेला मुलगा हो, आणि बोल त्याच्याशी. तू "काही नाही होणार, दुखणार नाही" म्हणालीस की थांबायचं, कारण ते खोटं आहे आणि पुढच्या वेळी पोरगं तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही. त्यापेक्षा "मुंगी चावल्यासारखं होईल, तू जोरात फुंकर मार, चूल फुंकतात ना तशी" हे म्हणून बघ. मी आमच्या विद्यार्थिनींना अहिराणीत विचारायला लावायची, "कोणता हात देशी, हाऊ का तो?" म्हणजे कोणता हात देशील, हा की तो? पोरगं हात पुढं करतं, दहातली दहा नाही करत, पण करतं. मी एका ॲपशी अहिराणीत बोलून पाहिलं तर त्याला अर्धंच कळलं, म्हणून सराव मराठीत कर आणि वॉर्डात पोराच्या घरच्या बोलीत बोल.

दुसरा उपयोग वेदना मोजण्याचा. दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅक स्केल आहे, चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं का, प्रत्येकाला शून्य ते दोन, एकूण दहा. चांगल्या ॲपमध्ये व्हिडिओ बघून तू मार्क द्यायचे आणि कुठं चुकलीस ते लगेच कळतं, चुकलेलंच दोन दिवसांनी परत विचारतं. हे एसटीत बसल्या बसल्या दहा मिनिटांत होतं, ड्यूटीचा वेळ नको. धडे घरून डाऊनलोड करून घे, पुढं पाड्यांकडे नेटवर्कचं काय ते तुला ठाऊकच आहे.

पण औषधाचा डोस ॲपला विचारायचा नाही, कध्धीच नाही, एआय चुकीचं उत्तरही ठामपणे देतो. डोस डॉक्टरांच्या ऑर्डरवरून आणि वॉर्डातल्या चार्टवरून. पोराचा फोटो, नाव, केसपेपर त्यात टाकायचा नाही. आणि शिर हाताला लागण्याचं ज्ञान स्क्रीनवर येत नाही, ते सीनियर सिस्टरच्या शेजारी उभं राहूनच येतं. दोनदा प्रयत्न फसला की दुसरीला बोलव, त्यात कमीपणा नाही.

लसीकरणाच्या दिवशी सुरुवात कर, ते सोपं आहे. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या बाळांना मायला आधीच अंगावर पाजायला लाव आणि पीत असतानाच टोच, जास्त दुखणारी लस शेवटी दे. मांडीत टोचताना सिरिंजचा पिस्टन मागे ओढून रक्त बघत बसू नकोस, जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्येच सांगितलंय की त्याची गरज नाही, उगाच जास्त दुखतं.

आणि ते पोरगं अजून ॲडमिट असेल तर आज रिकाम्या हातानं जा त्याच्याकडे, ट्रे नाही, सिरिंज नाही, जवळ बस आणि मायशी बोल. त्यानं पदरातून बघितलं तरी पुरे आजच्यासाठी.