आधी ट्रान्सफर, मग राजीनामा

प्रश्न : वय 31. नाशिकला अंबडमधल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार 38 हजार. आधीच्या कंपनीत 2 वर्षे 7 महिने झाले, इथे 2 वर्षे 2 महिने. मध्ये खंड नाही. आता नोकरी सोडून पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. दोन्हीकडचा पीएफ मिळून 2 लाख 5 हजार आहे. काढला तर टॅक्स कापतात म्हणे. काय करू?

उत्तर : ताई, राजीनामा अजून दिलेला नाही ना? मग आधी पीएफचं पासबुक उघडा. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच असला तरी मेंबर आयडी, म्हणजे प्रत्येक कंपनीतलं वेगळं खातं, दोन असतात आणि जुन्या आयडीतले पैसे नव्यात आलेत असं बरेच जण नुसतं गृहीत धरतात. आले नसतील तर ट्रान्सफरचा फॉर्म 13 ऑनलाइन भरा. सलग 5 वर्षांच्या नोकरीनंतर काढलेला पीएफ करमुक्त असतो, आणि जुनी शिल्लक ट्रान्सफर झाली तरच जुन्या कंपनीतली वर्षं त्यात धरतात. तुमची बेरीज होते 4 वर्षे 9 महिने. घोडं तीन महिन्यांवर अडलंय! पण नोटीस पिरियडही नोकरीतच मोजतात. तुमचा दोन महिन्यांचा असेल तर राजीनामा साधारण महिनाभर पुढे ढकलला की झालं.

आता टॅक्सच्या धास्तीबद्दल. पाच वर्षांच्या आत 50 हजार किंवा जास्त काढले तर 10 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापतात. पॅन जोडलेला नसेल तर 20. 10 टक्क्यांनी तुमचे साधारण साडेवीस हजार. पण टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही आणि तुम्ही त्याच्या बऱ्याच आत आहात. रिटर्न भरलं की बहुतेक रक्कम परत येईल. जुन्या वर्षांत पीएफमध्ये भरलेल्या पैशांवर 80सीची वजावट (बचतीवरची करसवलत) घेतली असेल तर तो हिशोब मात्र पुन्हा निघतो. त्यामुळे केवळ टॅक्ससाठी थांबा, असं मी म्हणणार नाही. थांबा ते त्या तीन पगारांसाठी, आणि तेवढ्यात शनिवार-रविवारी घरूनच डबे देऊन पाहा. गिऱ्हाईक किती टिकतं ते भाड्याचा गाळा घेण्याआधीच कळेल.

सगळा पीएफ लगेच हातात येईल असंही धरू नका. ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) विश्वस्त मंडळाने ठरवलं, की नोकरी गेल्यावर 75 टक्के लगेच काढता येतील आणि उरलेले 25 टक्के वर्षभर बेकार राहिल्यावर. तुमच्या बाबतीत ते दीड लाखाच्या आसपास येतात. कढया, बर्नर, डिपॉझिट यांचा हिशोब त्यातच बसवा.

पेन्शनचा भाग मात्र काढू नका. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के ईपीएस या पेन्शन योजनेत जातात (15 हजार पगाराच्या मर्यादेत, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 रुपये) आणि पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. पेन्शनच्या फॉर्म 10सीमध्ये पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या नोकरीचा दाखला, मागा. केंद्र नाही चाललं आणि पुन्हा नोकरी धरावी लागली, तर ही पाच वर्षं पुढे जोडली जातील. पैसे काढलेत तर पुन्हा शून्यापासून मोजणी.