डोंगल कुणाच्या खिशात?

प्रश्न : मारुतीच्या पारापासून शाळेच्या फाटकापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचे काम मंजूर झाले होते. ब्लॉक निम्म्या वाटेत थांबले, माझ्या दारापर्यंत आलेच नाहीत. पुतण्याने मोबाईलवर काढून दाखवले, तर पंधराव्या वित्त आयोगातून 2,80,000 रुपये कधीच निघालेत. सरपंचताई 2022 च्या डिसेंबरात थेट जनतेतून निवडून आल्या. मी स्वतः त्यांच्यासाठी दारोदार फिरले. विचारायला गेले तर म्हणाल्या, ‘ह्यांना विचारून सांगते.’ काम म्हणे त्यांच्या दिरानेच केले, कागदावर नाव दुसऱ्याचे. आता काही जण म्हणतात, बाईला खाली खेचू, सही द्या. देऊ का? आणि पुन्हा विश्वास ठेवायचा तो कुणावर?
— एक वाचक भगिनी, जि. सोलापूर

उत्तर : ताई, सही इतक्यात देऊ नका. का, ते पुढे सांगतो. तुमच्या पत्रातल्या एकाच वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे : ‘ह्यांना विचारून सांगते.’

वित्त आयोगाचा पैसा आता चेकने निघत नाही. तो ऑनलाइन जातो आणि त्याला सरपंच व ग्रामसेवक अशा दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. (ग्रामसेवकाला 2024 पासून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचे आहे. गाव म्हणेल तेव्हा खरे.) ही सही म्हणजे पेनड्राइव्हएवढी वस्तू. सगळे तिला डोंगल म्हणतात. पंचायत विस्तार अधिकारी म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी गावात गेलो की दप्तर मागायच्या आधी विचारायचो, सरपंचांचे डोंगल कुठाय? एका ठिकाणी ते संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये निघाले, पासवर्ड लिहिलेली चिकटपट्टी त्यालाच लावलेली. दुसऱ्या गावात सरपंचबाईंच्या यजमानांनी शर्टाच्या खिशातून काढले आणि टेबलावर तंबाखूच्या डबीशेजारी ठेवले. बाई चहा घेऊन आल्या, त्या वस्तूकडे बघतच राहिल्या. आणि त्या गावचा वर्षभराचा सगळा खर्च कायद्याच्या लेखी त्यांनीच काढलेला होता!

तेव्हा तुम्ही ताईंना एकटीने गाठा, ‘ह्यां’च्या गैरहजेरीत. ‘पैसे कुठे गेले’ असे विचारू नका. ‘तुमचे डोंगल कुणाकडे असते’ एवढेच विचारा, आणि वसुली लागली तर नोटीस कुणाच्या नावाने येते तेही सांगा. मी पाहिलेय, या प्रश्नानंतर काही बायकांनी डोंगल मागून घेतले आणि पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली.

आता कागद. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून. झेरॉक्सचे पानाला 2 रुपये. उत्तराला मुदत 30 दिवसांची. ‘सदर कामात भ्रष्टाचार झाला आहे काय’ असले काही लिहू नका. त्याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते, आणि ते बरोबरच असते. कागदांची नावे लिहा : कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पाने, ठेकेदाराचे बिल, पूर्णत्वाचा दाखला, आणि नमुना 5 म्हणजे रोकडवहीतली त्या महिन्याची नोंद.

अंदाजपत्रक आधी वाचा. मंजुरीच निम्म्या लांबीची असेल तर तुमची तक्रार तिथेच संपते. तसेही होते. पाटी लावणारा ‘पार ते शाळा’ लिहून मोकळा होतो.

पण खरा जीव मोजमाप पुस्तिकेत असतो. तिथे अभियंत्याने लांबी, रुंदी, जाडी लिहून सही केलेली असते आणि बिल निघते ते त्या आकड्यांवर. इथे माझेही एक सांगून टाकतो. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका गटाराच्या कामाची तपासणी माझ्याकडे होती. ऊन मरणाचे. फाट्यावरच्या हॉटेलात पुस्तिका पुढ्यात आली, आकडे ओळीने बसत होते, मी तिथेच ‘पाहिले, योग्य आहे’ लिहून सही केली. पावसाळ्यात त्या गावातला एक म्हातारा ऑफिसात आला, हातात सुंभाची दोरी, तिला गाठी मारलेल्या. म्हणाला, ‘साहेब, तुमचं गटार ह्या गाठीपर्यंत लिवलंय, आमच्याकडं ते ह्या गाठीलाच सरतंय.’ दोन गाठींत चौदा हातांचे अंतर होते. पुढे पैसे वसूल झाले. माझ्या सहीचे मात्र कुणी काहीच विचारले नाही. म्हाताऱ्यानेही नाही, ते जास्त लागले. त्यानंतर पिशवीत टेप असल्याशिवाय मी कुठल्या गावात उतरलो नाही.

दिराचे म्हणाल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये तरतूद आहे : पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा वा हितसंबंध असेल तर पद जाते. निर्णय जिल्हाधिकारी देतात. मात्र ‘म्हणे’वर ते उभे राहत नाही. दिराच्या धंद्यात ताईंचा हिस्सा आहे हे दाखवावे लागेल. नुसते नाते पुरत नाही.

आता सह्यांचे. एकदा निवडून दिलेल्या आमदार-खासदाराला मुदतीआधी परत बोलवायची सोय आपल्या कायद्यात नाही. थेट सरपंचाच्या बाबतीत महाराष्ट्रात आहे, आणि ती मुद्दाम अवघड ठेवली आहे. निवडीनंतर पहिली दोन वर्षे आणि मुदतीचे शेवटचे सहा महिने अविश्वास ठराव आणता येत नाही. मधल्या काळात आणला तर तीन चतुर्थांश सदस्य हवेत, आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो मंजूर व्हायला हवा. म्हणजे सुरुवात सदस्यांनी करायची असते, गावकऱ्यांचे मत नंतर आणि तेही चिठ्ठीवर. तुमच्याकडे फिरतोय तो सह्यांचा कागद या प्रक्रियेत कुठेच बसत नाही. मग तो कशासाठी फिरतोय? पुढच्या निवडणुकीत कोण उभे राहणार आहे, याची जरा चौकशी करा.

मी संशयी झालोय, मान्य. पण जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचे प्रकरण आठवा. महिला सरपंचाला सरकारी जागेवरच्या घरात राहते म्हणून अपात्र ठरवले होते. 2024 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सुनावले की एक बाई सरपंच होऊन निर्णय घेते हे गावकऱ्यांच्या पचनी पडले नाही, आणि निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणे इतके सहज घेऊ नये. तुमच्या सरपंचताई निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. निम्मा रस्ता खाऊन टाकला असेल तर पैसे वसूल व्हावेत, पदही जावे. पण त्या घरी गेल्या आणि डोंगल त्याच खिशात राहिले, तर तुमच्या दारापर्यंत ब्लॉक येणार आहेत का?

त्यापेक्षा ग्रामसभा धरा. वर्षाला किमान चार घ्याव्याच लागतात. पुरेशा कारणाशिवाय टाळल्या तर सरपंचाचे पद जाऊ शकते. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100, जे कमी असेल ते. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती आमच्या काळात बहुतेक रजिस्टरातच व्हायची, अंगणवाडीत पोषण आहार न्यायला आलेल्या बायकांच्या सह्या घेऊन. तुम्ही शेवटची ग्रामसभा कधी गाठली, हे पत्रात लिहिलेले नाही. रागावू नका, विचारले पाहिजे. प्रश्न आधी लेखी द्या, पोच घ्या, आणि उत्तर इतिवृत्तात आले की नाही ते उठण्यापूर्वी वाचून घ्या. ‘नंतर लिहितो’ म्हटले तर खाली बसा.

राहिला विश्वास. ज्यांच्यासाठी दारोदार फिरलात त्यांच्याकडे मोजमाप पुस्तिका मागायला तुम्हाला अवघड वाटणार, हे मला कळते. मी तर त्या गटाराच्या गावी अजून गेलेलो नाही.

झेरॉक्स हातात आली की रस्ता स्वतः मोजा. बरोबर दोन सदस्य घ्या, त्यातला एक सरपंचांच्या गटाचा. टेप 30 मीटरचा न्या. छोटा टेप दोन-तीनदा लावावा लागतो आणि मधली खडूची खूण नक्की कुठे होती, यावर पारावर भांडण जुंपते.