वहीत ११०, मीटरमध्ये १५८

‘मॅडम, इन्शुलिन सुरू झालं म्हणजे आता ते आयुष्यभर का? आणि बाळाला काही होणार नाही ना?’

गरोदरपणात शुगर निघालेल्या बायका मला सगळ्यांत जास्त हेच विचारतात. काहीजणी विचारत नाहीत, नुसत्या घाबरतात, आणि ती भीती भलत्याच मार्गाने बाहेर पडते. सोलापुरात एका मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यात मी समुपदेशनाचं काम करते. तिथे आलेल्या एका मुलीची ही हकिकत. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय एकोणतीस, पहिलंच बाळंतपण, शाळेत शिक्षिका. सव्विसाव्या आठवड्यात तिला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायला देऊन दोन तासांनी रक्त तपासलं, तर शुगर १६८ आली. या तपासणीत १४० किंवा त्याहून जास्त आकडा आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तपासणीला उपाशीपोटी येण्याची अट नसते, ही आपल्याकडची फार मोठी सोय आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी तिचा आग्रह वर्षानुवर्षं धरला आणि केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आहे. त्यांचा वाढदिवस, १० मार्च, आज देशात गरोदरपणातल्या मधुमेहाविषयीच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळतात. खेड्यातून पहिल्या एसटीने निघालेल्या बाईला ‘उपाशी या’ सांगितलं, तर ती पुन्हा येईलच याचा भरवसा नसतो.

आकडा आल्यावर साधारण दोन आठवडे आहार आणि चालणं यांवर बघतात. तेवढ्याने जेवणानंतर दोन तासांची शुगर १२०च्या आत आली नाही, तर औषध सुरू करतात. तिलाही तसंच सांगितलं होतं. दवाखान्यातून मीटर दिलं, बोटातून थेंब कसा काढायचा ते दाखवलं, आकडे लिहायला वही दिली.

दोन आठवड्यांनी ती आली. वही अगदी शिक्षिकेची. पट्टीने आखलेले रकाने, वर तारीख, निळ्या शाईत उपाशीपोटीची शुगर, लाल शाईत जेवणानंतरची. उपाशीपोटी ८८, ९०, ८७. जेवणानंतर ११०, ११२, ११०, १०८. पानामागून पान तेच. माणसाचं जेवण रोज वेगळं, झोप वेगळी, शाळेतली धावपळ वेगळी, आणि आकडे इतके शिस्तीत? शिवाय तिचं वजन दोन आठवड्यांत दीड किलो उतरलं होतं आणि लघवीत कीटोन दिसत होते. पोटाला पुरेसं मिळत नसलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात. गरोदरपणात ते चांगलं लक्षण नव्हे.

मी मीटर मागितलं. मीटरच्या आत आधीचे आकडे तारीख-वेळेसकट साठलेले असतात, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. बटण दाबत मागे गेले. वहीतल्या ११०च्या जागी मीटरमध्ये १५८. वहीतल्या ८८च्या जागी १०४.

अशा वेळी समोरच्या बाईला खोटं पाडलं की ती परत येत नाही. आली तरी तिसऱ्याच कुणाच्या बोटातलं रक्त मीटरला लावून येते, तेही मी पाहिलं आहे. म्हणून वही मिटून बाजूला ठेवली आणि एवढंच विचारलं, ‘हे आकडे जसेच्या तसे लिहिले असते, तर काय झालं असतं असं वाटलं तुला?’

बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘इन्शुलिन लावलं असतं.’

आणि मग सगळं बाहेर आलं. तिच्या आजीला, आईच्या आईला, जुना मधुमेह होता. इन्शुलिन सुरू झालं आणि वर्षाच्या आत पाय कापावा लागला. घरात तेव्हापासून पक्कं बसलं, इन्शुलिन म्हणजे शेवट. तिला ते नको होतं म्हणून रात्रीचं जेवण तिने जवळजवळ सोडलं होतं. सकाळी दोन घास पोहे, दुपारी अर्धी भाकरी, रात्री ताक. तरीही मीटर ऐकेना, म्हणून वहीत मनाचे आकडे. वर एक अपराधीपणही होतं. दिवस राहिले तेव्हा दिवाळी होती, फराळ मनसोक्त खाल्ला होता. ‘माझ्या खाण्याने बाळाला हे झालं,’ असं म्हणून ती रडायला लागली.

रडू दिलं. मग एकेक गाठ सोडवायला घेतली.

आधी अपराधीपणाची. दिवाळीच्या करंज्यांनी हा आजार झालेला नाही. बाळ वाढतं तशी वार वाढते आणि वारेतून निघणारी संप्रेरकं आईच्या इन्शुलिनला नीट काम करू देत नाहीत. चोविसाव्या आठवड्यानंतर हा जोर जास्तच वाढतो. प्रत्येक गरोदर बाईच्या शरीरात हे होतं. बहुतेकींचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवून वेळ निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. तिच्या आजीला मधुमेह, आईला मधुमेह. तिचं कमी पडलं यात तिचा काय दोष?

मग आजीच्या पायाची गाठ. मी विचारलं, ‘इन्शुलिन सुरू होण्याआधी आजीची शुगर किती वर्षं वाढलेली होती?’ तिने आईला तिथूनच फोन लावला. पंधरा-सोळा वर्षं. गोळ्या मधूनमधून, पायाची जखम तीन महिने चिघळलेली, आणि अगदी शेवटी इन्शुलिन. म्हणजे पाय आधीच हातचा गेलेला होता, इन्शुलिनला बोलावलं उशिरा. फोन स्पीकरवर होता. पलीकडे तिची आई गप्प झाली, मग म्हणाली, ‘हो मॅडम, जखम आधीचीच होती.’ अर्धा तास समजावून जे झालं नसतं, ते या एका वाक्याने झालं.

बाळाचा प्रश्न उरला होता. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. इन्शुलिन जवळजवळ जात नाही. साखर जास्त गेली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन बनवायला लागतं, आणि त्यामुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः पोटाखांद्यावर, चरबी चढते. बाळंतपण अवघड होतं. जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, बाळाचं इन्शुलिन मात्र चालूच असतं, म्हणून बाळाची शुगर एकदम खाली जाऊ शकते. म्हणजे बाळाला धोका आहे तो न घेतलेल्या इन्शुलिनचा. ‘गोळी नाही का चालणार?’ असं तिने विचारलं. मेटफॉर्मिन काही जणींना देतात, पण ती वारेतून बाळापर्यंत पोचते. कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. तिची उपाशीपोटीची शुगर बघता त्यांनी इन्शुलिनच सांगितलं.

तिला सगळ्यांत जास्त पटला तो तिचाच आकडा. मी मीटरमधली एक तारीख दाखवली. आदल्या रात्री ती फक्त ताक पिऊन झोपली होती आणि सकाळी १०४. उपाशीपोटी ९५च्या आत हवी. ‘तू काही खाल्लंच नाहीस, मग ही साखर आली कुठून?’ ती बघतच राहिली. रात्रभर यकृत साखर सोडत असतं, आणि तिला आवर घालायला इन्शुलिन लागतं. ते अंगात कमी पडत असेल तर उपास करून भागत नाही. सकाळचा आकडा उपाशी राहून खाली येत नाही, हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा थोडा उतरला.

पुढच्या खेपेला सासूबाईंना घेऊन ये म्हटलं. गरोदर बाईच्या ताटात काय पडतं ते एकट्या तिच्या हातात नसतं. सासूबाई आल्या त्या जरा रागातच. ‘दोन जिवांची पोर, आणि तुम्ही जेवू देत नाही होय?’ मी म्हटलं, ‘काकू, तुमचं बरोबर आहे. तिला जेवायलाच हवं. तेच सांगायला तुम्हांला बोलावलंय.’ त्या खुर्चीत सैलावून बसल्या आणि मग आम्ही दोघींनी मिळून दिवसाचं ताट ठरवलं.

सकाळी शुगर सगळ्यांत चढते, म्हणून नाश्त्याला नुसते पोहे किंवा साबुदाणा नको. मुगाचं धिरडं, मोड आलेल्या मटकीची उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. पोहेच हवे असतील तर वाटीभर, भरपूर भाज्या आणि शेंगदाणे घालून, सोबत दही. दुपारी भाकरी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे शुगरवरचं औषध अशी समजूत आहे. भाकरी चांगलीच, पण तिच्यातही पिष्ट असतं. तीन भाकऱ्यांनी शुगर वाढतेच. एक-दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पालेभाजी, शेंगाचटणी, काकडी. गूळ आणि मध साखरेपेक्षा सौम्य नाहीत. फळ अख्खं, दोन जेवणांच्या मधे, रस नाही. रात्रीचं जेवण सोडायचं नाही आणि झोपताना कपभर दूध, बिनसाखरेचं. काकू त्यात केशर-साखर घालत होत्या. ‘केशर राहू दे, साखर काढा,’ म्हटलं, त्या लगेच कबूल झाल्या. कारल्याचा रस कुणीतरी सुचवला होता, तो मात्र बंद करायला सांगितला.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालणं. एप्रिलात सोलापुरात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून घरातल्या घरात, पंख्याखाली. रात्री गच्चीवर.

इन्शुलिनची पहिली सुई तिने माझ्यासमोर घेतली. इन्शुलिन भरलेल्या पेनची सुई चार मिलिमीटरची असते, केसाएवढी बारीक. पोटावर टोचायचं म्हटल्यावर ती दचकली, बाळाला लागेल म्हणून. सुई कातडीखालच्या चरबीपर्यंतच जाते, मधे स्नायू, मग गर्भाशय. तरी मन घेईना, तर मांडीवर घे म्हटलं. टोचून झाल्यावर म्हणाली, ‘एवढंच?’ उन्हाळ्यात पेन जपावं लागतं. न उघडलेलं फ्रिजच्या दारात ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, आणि वीज गेली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रिकाम्या ओल्या माठात. हात थरथरले, घाम फुटला, मीटर ७०च्या खाली दिसलं, की तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे नवऱ्यालाही शिकवलं.

मधेच एकदा ती पुन्हा घाबरली, कारण दर आठवड्याला डोस वाढत होता. तिला वाटलं आजार हाताबाहेर चाललाय. वार वाढतेय, बाळ वाढतंय, म्हणून गरज वाढतेय, एवढाच त्याचा अर्थ. उलट शेवटच्या आठवड्यांत डोस एकदम खूप कमी लागायला लागला, तर डॉक्टरांना लगेच कळवायचं. बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली तर तासाचाही उशीर नको.

डोहाळजेवण ठरलेलंच होतं. काकूंनी विचारलं, रद्द करू का? कशाला? पुरणपोळीचा चतकोर, तोही आधी कोशिंबीर आणि उसळ खाऊन. कटाची आमटी हवी तेवढी. फुलांचे दागिने घालून, पाहुण्यांच्या गराड्यातून उठून तिने दोन तासांनी बोट टोचलं. १३१. दुसऱ्या दिवशी तिने वहीचा फोटो पाठवला. लाल शाईत १३१ असंच लिहिलं होतं आणि पुढे कंसात ‘पुरणपोळी’. मला त्या १३१चं जेवढं समाधान वाटलं, तेवढं आधीच्या सगळ्या ११०चं मिळून वाटलं नव्हतं. खरा आकडा असला की डॉक्टरांना डोस ठरवता येतो.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, ३ किलो १०० ग्रॅमची. तासाच्या आत अंगावर पाजलं, टाचेतून थेंब घेऊन बाळाची शुगर बघितली, ठीक होती. वार पडल्यावर इन्शुलिन थांबवलं आणि पुन्हा लागलं नाही. ‘आयुष्यभर का?’ या प्रश्नाचं बहुतेकींच्या बाबतीत हेच उत्तर असतं. ज्यांना मधुमेह आधीपासूनच होता आणि गरोदरपणातच पहिल्यांदा कळला, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे उपचार पुढे चालू राहतात.

पण इथे हकिकत संपत नाही, आणि याच टप्प्यावर बहुतेक जणी आमच्या हातून सुटतात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, या वेळी मात्र उपाशीपोटी. ती आली नाही. माहेरी होती, बाळ रात्रभर जागवत होतं, स्वतःच्या तपासणीची आठवण कुणाला? बाळाची सहा आठवड्यांची लस मात्र वेळेवर झाली होती. म्हणून मी आता सगळ्यांना सांगते, बाळाच्या त्या लसीच्या दिवशीच आईची तपासणी, एकाच फेरीत. तिला फोन केला तेव्हा चौदाव्या आठवड्याची लस जवळ आली होती. त्या दिवशी ती आली. उपाशीपोटी ९८, दोन तासांनी १४८. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर.

ऐकून ती थोडी खचली, पण आकडा लपवावा असं तिला वाटलं नाही. गरोदरपणात शुगर निघालेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट असतो. वजन आवाक्यात ठेवणं, रोज चालणं, बाळाला अंगावर पाजणं यांनी तो कमी होतो. दरवर्षी एकदा तपासणी ठरली. पुढच्या बाळाचा विचार असेल, तर दिवस राहण्याआधी शुगर बघायची आणि दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत पुन्हा, चोविसाव्या आठवड्यापर्यंत थांबायचं नाही. हे सगळं तिने नवऱ्याला वहीत लिहून घ्यायला सांगितलं, कारण बाळ तिच्या मांडीवर होतं.