वाचकांचे प्रश्न : बाळ कमी हलतंय असं वाटलं तर सकाळची वाट बघू नको

प्रश्न : ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते, पहिलीच वेळ आहे, ३६वा आठवडा चालू आहे आणि तारीख नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या तोंडावर दिलीय. आमचे हे वेर्ण्याला कंपनीत, एक आठवडा सोडून नाईट असते. गेल्या सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याला नाळेचा एक वेढा आहे असं लिहिलंय, डॉक्टर म्हणाले काळजी नको, पण तेव्हापासून मला झोप नाही. त्यात परवा दुपारपासून बाळ कमी हललं. सासूबाई म्हणाल्या शेवटच्या महिन्यात बाळ शांतच होतं, हलायला जागा कुठे असते त्याला. रात्री थोडं हललं म्हणून मीपण गप्प बसले. आई म्हणते माहेरी, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाला ये, सासूबाई म्हणतात इथेच रहा. बॅग भरायला घेतली तर बाळाचे कपडे आधी आणू नयेत म्हणतात. आणि कळा सुरू झाल्या हे मला कळेल ना?

उत्तर : बाय, तुझं पत्र वाचलं आणि पहिला फोन तुला केला, लगेच जाऊन तपासून ये म्हणून. तू गेलीस, पोटाला पट्टे बांधून बाळाचे ठोके बघितले, सगळं नीट आहे असं कळवलंस, माझा जीव खाली पडला. तरी इथे सविस्तर लिहितेय कारण तुझ्या सासूबाईंनी सांगितलं ते घरोघरी सांगतात, आणि ते खरं नाही.

शेवटच्या महिन्यात बाळ शांत होत नाही. हालचालीची जात बदलते, आधी लाथा मारायचं ते आता वळतं, ढकलतं, कूस बदलल्यासारखं वाटतं, पण हलणं कमी होत नाही, अगदी कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येसुद्धा ते हलतं. २८ आठवड्यांनंतर प्रत्येक बाळाची आपली एक वेळ ठरलेली असते, कुणाचं जेवल्यावर, कुणाचं रात्री अंग टेकलं की, ती वेळ आईइतकी कुणालाच माहीत नसते, डॉक्टरलाही नाही. म्हणून तुला जर वाटलं की आज काहीतरी वेगळं आहे तर तेवढं कारण पुरे आहे. मोजायचं असेल तर जेवून डाव्या कुशीवर पड, मोबाईल बाजूला ठेव, दोन तासांत दहा हालचाली झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर थंड पाणी पिऊन बघू, गोड खाऊन बघू, सकाळी बघू, असं काही करायचं नाही, निघायचं. रात्री दोन वाजले असले तरी. आणि दहा मोजून झाल्या तरी मन मानत नसेल तरीही निघायचं. उगाच आलीस असं कुणी म्हटलं तर म्हणू दे.

हे मी एवढं ठासून सांगते त्याला कारण आहे. तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली, पण माझ्या दुसऱ्या खेपेला घरात पाहुणे होते आणि बाळ सकाळपासून गप्प होतं, मी रात्रीपर्यंत थांबले, म्हटलं हे जेवून उठू देत. गेले तेव्हा ठोके मंद झाले होते, तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी वाचली, आज ती सत्तावीस वर्षांची आहे, पण ते आठ-दहा तास मला अजून आठवतात.

आता नाळेचं. दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याला जन्मताना नाळेचा वेढा असतो, आम्ही रोज बघायचो. तुला भीती वाटते की गळा आवळून श्वास अडेल, पण पोटातलं बाळ नाकातोंडानं श्वास घेतच नाही, त्याला लागणारा ऑक्सिजन नाळेतूनच येतो, आणि नाळेत रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा मऊ थर असतो त्यामुळे ती सहजासहजी दबत नाही. डोकं बाहेर आलं की नर्स बोटानं तो वेढा डोक्यावरून काढून टाकते, काही सेकंदांचं काम. नुसत्या एका वेढ्यासाठी सिझेरियन करत नाहीत. कळांमध्ये ठोके बघत राहतात, ते बिघडले तर मग निर्णय घेतात. तेव्हा त्या रिपोर्टचा विचार सोड, लक्ष हालचालीवर ठेव.

माहेर की सासर, हा मानाचा प्रश्न करू नका गं दोन्ही घरांनी. मी एकच विचारीन, भर पावसात रात्री तीन वाजता कुठल्या घरातून दवाखान्यात लवकर पोचशील? तुमच्या गावाहून वाळपई जवळ, पण पुढे बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात पाठवलं तर सव्वा-दीड तास धर, चवथीच्या गर्दीत आणि रस्त्यावर झाड पडलं तर आणखी. दोडामार्गाहून अस्नोड्यावरून म्हापशाला जिल्हा इस्पितळात जाता येतं. फक्त एक लक्षात ठेव, गोव्याची आणि महाराष्ट्राची १०८ रुग्णवाहिका सेवा वेगळी आहे, सीमेजवळून फोन लावलास तर आधी गाव, तालुका आणि राज्य स्पष्ट सांग. आणि १०८ शिवाय गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आत्ताच बोलून ठेवा, चवथीच्या दिवसांत रात्री कोण येईल ते त्यांच्या तोंडून ऐकून घ्या. तुझ्या नवऱ्यानं नाईटचा आठवडा बदलून मागावा, शेवटचे तीन आठवडे तरी. नावनोंदणी कुठे आहे, फाइल कुठे आहे, रक्तगट काय, हे घरातल्या अजून एका माणसाला पाठ हवं. सरकारी इस्पितळात बाळंतपण, लागलं तर सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी फुकट आहे, ही योजना २०११ पासूनची, त्यामुळे पैशापायी घरी थांबू नका.

कळा कळतील का? कळतील. आत्ता अधूनमधून पोट दगडासारखं होतं आणि कूस बदलली, पाणी प्यायलं की मोकळं होतं, त्या खोट्या. खऱ्या कळा थांबत नाहीत, वाढत जातात, कंबरेतून पुढे येतात. दर पाच मिनिटांनी एक, एक मिनिट टिकणारी, असं तासभर चाललं की निघा असं सगळीकडे सांगतात, पण तुझं घर लांब आहे, तू दहा मिनिटांवर आल्या की निघ. पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं, वेळ लिहून ठेवायची, पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर फोनवरच तसं सांगायचं. रक्त गेलं, डोकं फुटल्यासारखं दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमचम, तोंड-हात एकदम सुजले, बरगडीखाली उजवीकडे दुखलं, तर तारखेकडे बघू नकोस. तसंही दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच.

बॅगेबद्दल सासूबाईंचं मन दुखवू नकोस, त्यांच्या काळात किती बाळं गेलेली बघितली असतील त्यांनी, त्या भीतीतून आलंय ते. नवं काही आणू नका, घरातलीच जुनी मऊ सुती लुगडी धुऊन उन्हात वाळवून त्यांनाच फाडायला दे, दुपटी आणि लंगोट त्यांच्या हातचे होऊ देत. पावसात उन्हाचा भरवसा नाही म्हणून हे या आठवड्यातच उरका. आणि त्यांना हेही प्रेमानं सांग की पहिला चीक फेकायचा नाही, तासाभरात बाळाला छातीशी लावायचं, मध चाटवायचा नाही, एक वर्षापर्यंत नाही.

प्रश्न : मी म्हापशाची, ३३वा आठवडा. रात्री तळहात आणि तळपायांना भयंकर खाज येते, पुरळ काहीच नाही. शेजारच्या काकी म्हणतात उष्णता आहे, खोबरेल लाव. लावू का?

उत्तर : तेल लाव, गार वाटेल, पण आधी डॉक्टरांकडे जा, आजच. पोट ताणून त्यावर खाज येते ती वेगळी. तळहात-तळपायांना, पुरळ नसताना, रात्री वाढणारी खाज ही यकृताचं काम बिघडल्याची खूण असू शकते, पित्ताचे घटक रक्तात साठतात आणि त्याचा त्रास बाळाला होऊ शकतो. यकृताची आणि पित्ताम्लांची रक्ततपासणी सांगतील, ती कितपत वाढलीत त्यावर बाळंतपण कधी करायचं ते ठरवतात. लघवी गडद होत असेल किंवा डोळे पिवळट दिसत असतील तर तेही सांग, आणि पुढच्या तपासणीची तारीख पंधरा दिवसांनी दिलीय म्हणून तेवढे दिवस थांबू नकोस.