इंग्रजीत ‘आयएनजी’ने संपणाऱ्या क्रियापदाने सुरू होणारी पदावली आणि ‘व्हेन’, ‘बिकॉज’, ‘दो’ (though, म्हणजे ‘जरी’) यांनी सुरू होणारे उपवाक्य यांचा अर्थ एकच असतो का?

एकच नसतो. परीक्षेत एकाच्या जागी दुसरे लिहायला लावतात, म्हणून अर्थही एकच, असे आपल्याकडे बिनदिक्कत शिकवले जाते आणि त्यावरून माझे एक जुने भांडण अजून मिटलेले नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत मी दहावीला असताना सरांनी दोन वाक्ये जोडायला दिली होती: तो बेळगावात राहतो, त्याला कन्नड येत नाही. मी ‘दो ही लिव्ज इन बेळगाव’ अशी सुरुवात केली. मराठीत ‘ऊन’ तिथे इंग्रजीत ‘आयएनजी’ हा सरांचा नियम असल्यामुळे त्यांना ‘लिव्हिंग इन बेळगाव, ही डझ नॉट नो कन्नड’ हवे होते. त्यांनी माझ्या वाक्यावर फुली मारली आणि वाद घातल्याबद्दल मला वर्गाबाहेर उभे केले.

‘बेळगावात राहून त्याला कन्नड येत नाही’ हे मराठीत बरोबरच आहे, कारण त्या ‘राहून’मध्ये ‘राहत असूनही’ हा टोमणा आपोआप येतो. कचेरीच्या खिडकीवर ‘बेळगावीयाग इद्दू कन्नड बरंगिल्लेन?’ (बेळगावात असूनही कन्नड येत नाही का?) असे ज्याने एकदा तरी ऐकले आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. कन्नडातही ‘इद्दु’चा उकार लांबवला की ‘असूनही’ होते. इंग्रजीत मात्र नुसते ‘लिव्हिंग’ दिसले की वाचक आधी वेळ किंवा कारण शोधतो, त्यामुळे सरांच्या वाक्याचा अर्थ बेळगावात राहतो म्हणून कन्नड येत नाही, असा उफराटा लागतो. ‘दो’ संबंध उघड सांगतो, ‘लिव्हिंग’ तो वाचकावर सोपवते.

म्हणून कारण किंवा विरोध नेमका सांगायचा असेल, तेव्हा उपवाक्यच लिहावे. कर्त्याचीही अडचण आहेच: पदावलीला स्वतःचा कर्ता नसला, की मुख्य वाक्याचाच कर्ता तिचा धरला जातो. ‘मी बसमधून उतरताना छत्री पडली’ हे मराठीत चालते. ‘गेटिंग डाउन फ्रॉम द बस, माय अंब्रेला फेल’ म्हटले की छत्रीच बसमधून उतरते. ‘द बस हॅविंग लेफ्ट’ अशा रचनेत पदावलीला स्वतःचा कर्ता असतो, तिथे हा दोष लागत नाही. आणि ‘फीलिंग टायर्ड, ही वेंट टू बेड’ इतका संबंध उघड असेल, तर पदावली अधिक सुटसुटीत वाटते, हेही मान्य करायला हवे.

शिवाय ‘दो लिव्हिंग इन बेळगाव’ असे दोन्ही ठेवूनही लिहिता येते. हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. सरांनी तेव्हा तेवढे सुचवले असते, तर दोघांचेही वाक्य राहिले असते.