२,१४,७४,८३,६४७ : प्रोग्रॅम चुकतो कुठे?

प्रश्न : २च्या ३१व्या घातातून १ वजा केला की २,१४,७४,८३,६४७ मिळते. ही मूळ संख्या आहे असे वाचले. पण माझा जावा प्रोग्रॅम बराच वेळ घेतो आणि शेवटी ‘मूळ नाही’ असे सांगतो. भाजक (भ) २ पासून एकेक वाढवत या संख्येला (न) भाग जातो का ते पाहतो, अट ‘भ × भ <= न’ अशी आहे, सर्व चल ‘इंट’ (जावातला ३२ बिटांचा पूर्णांक प्रकार) आहेत.

उत्तर : संख्या मूळच आहे, चूक अटीत आहे. ‘इंट’मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या नेमकी हीच. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे येते, म्हणजे ४६,३४१ ला फेरी थांबायला हवी. पण ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ ‘इंट’मध्ये मावत नाही. जावा तो गुंडाळून −२,१४,७४,७९,०१५ करते, आणि ऋण संख्या ‘न’पेक्षा लहानच! पुढे गुणाकार काहीही आला तरी तो ‘न’हून मोठा होऊच शकत नाही, त्यामुळे अट कधीच मोडत नाही. शेवटी भाजक खुद्द ‘न’पर्यंत पोचतो, बाकी शून्य येते. सापडलेला भाजक छापून पाहा, म्हणजे खात्री पटेल.

अट ‘भ <= न / भ’ अशी लिहा. ‘लाँग’ (६४ बिटांचा, मोठ्या पूर्णांकांचा प्रकार) वापरायचा तर भाजकच ‘लाँग’ घ्या. दोन ‘इंट’ गुणून उत्तर ‘लाँग’मध्ये ठेवले तर नासधूस त्याआधीच झालेली असते.

प्रश्न : संगणक नसताना हे सिद्ध कसे केले?

उत्तर : गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ साली. खरे कौतुक भागाकारांचे नाही, ते टाळण्याच्या युक्तीचे आहे. समजा, मूळ संख्या प ने ‘न’ला भाग जातो. मग २च्या ३१व्या घाताला प ने भागून बाकी १ उरते. ३१ मूळ असल्याने त्याहून लहान घाताला बाकी १ येत नाही. म्हणून फर्माच्या प्रमेयानुसार (२चा ‘प − १’वा घात विषम मूळ प ने भागल्यास बाकी १ उरते) प − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. प विषम, म्हणजे प = ६२क + १ (क ही कोणतीही पूर्ण संख्या).

आता २चा ३२वा घात पाहा. तो २च्या १६व्या घाताचा वर्ग आहे आणि प ने भागल्यास त्याची बाकी २ येते. एखाद्या वर्गाची बाकी २ येणे फक्त अशाच विषम मूळ संख्यांना जमते, ज्यांना ८ ने भागून १ किंवा ७ उरतात. दोन्ही अटी जोडल्या की प हा २४८क + १ किंवा २४८क + ६३ याच रूपाचा असतो.

४६,३४० पर्यंत अशा ३७३ संख्या आहेत, आणि त्यांतल्याही ६३, २४९, ४९७ सारख्या संयुक्त संख्या गळतात. उरतात ३११, १३०३, १४८९... एकानेही भाग जात नाही.

प्रश्न : घातांक मूळ असला की उत्तर नेहमी मूळच येते का?

उत्तर : नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ = २३ × ८९. दोन्ही भाजक २२क + १ याच रूपाचे आहेत, ताडून पाहा.