डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच नाही, डॉक्टर बदलू का?

प्रश्न: मुलगा चार वर्षांचा आहे. दोन दिवस सर्दी-खोकला, ताप शंभरच्या आसपास, आज शेंबूड हिरवट झालाय. आमचे डॉक्टर म्हणाले अँटिबायोटिकची गरज नाही, तापाला पॅरासिटामॉल द्या आणि ताप राहिला तर तिसऱ्या दिवशी आणा. सासूबाई म्हणतात फी घेतली आणि औषधच दिलं नाही, डॉक्टर बदल. मिस्टरांनी मेडिकलमधून चिठ्ठीशिवायच सेफिक्झिम या अँटिबायोटिकचं सिरप आणलंय. देऊ का? – एक आई, सातारा

उत्तर: ताई, नका देऊ. आणि डॉक्टर तर अजिबात बदलू नका, असे डॉक्टर सांभाळून ठेवावेत. लहान मुलांची सर्दी जवळजवळ नेहमी व्हायरसची असते आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, झालंच तर जुलाब किंवा अंगावर पुरळ येते. शेंबूड हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं हे घरोघरी ऐकू येतं पण तसं नसतं, साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग बदलतो.

सासूबाईंना एवढं सांगा की अँटिबायोटिक लिहून द्यायला डॉक्टरला अर्धा मिनिट पुरतो. बाहेर पेशंट ताटकळलेत आणि आत बसून "का नको" ते समजावायचं, याला वेळ लागतो आणि पेशंट दुसरीकडे जाईल ही धास्ती असतेच, म्हणून कितीतरी डॉक्टर मनात नसताना लिहून मोकळे होतात. तुमच्या डॉक्टरांनी ते केलं नाही, फी त्याचीच आहे.

आता ती बाटली बघा, लेबलवर लाल चौकटीत इशारा छापलेला असेल. सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. २०१४ पासून नियम आहे की हे औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, आणि विकलं की डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. मेडिकलवाल्याने सरळ काढून दिलं हे चूकच आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहिताना कशासाठी देताय ते चिठ्ठीवर नमूद करा. त्यामुळे पुढे कधी कोणी अँटिबायोटिक दिलं तर बिनधास्त विचारा, डॉक्टर हे नक्की कशासाठी, किती दिवस? चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि न्यूमोनियासारखं खरंच कारण असेल तर मात्र वेळेवर आणि सांगितलं तेवढे दिवस द्यायचं, तिथे घाबरायचं नाही.

सध्या पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. पाणी, पेज, सूप थोडं थोडं देत राहा, रात्री खोकला आला तर चमचाभर मध चालेल (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध नाही). झोपेत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. चाळीस किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असला, कान दुखतोय म्हणून रडला, पाणीही पीत नसला किंवा मलूल पडून राहिला तर तिसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच डॉक्टरांकडे लगेच न्या.